रेल्वे भरतीचं बेसिक सायन्स : सूत्रं पाठ आहेत, तरी मार्क कुठे जातात?

डिचोलीकर

टेक्निशियन ग्रेड-१ सिग्नलच्या पेपरात १०० पैकी ३५ प्रश्न बेसिक सायन्स अँड इंजिनिअरिंगचे असतात. एएलपीच्या (असिस्टंट लोको पायलट, म्हणजे सहायक इंजिनचालक) दुसऱ्या सीबीटीत (संगणकावरच्या परीक्षेत) पार्ट-एमध्येही हाच विषय आहे. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात, म्हणजे तीन उत्तरं चुकली की एक बरोबर उत्तर फुकट गेलं. डिचोली-साखळीकडच्या मुलांची सूत्रं पाठ असतात, पण सराव पेपरांत हे चार प्रश्न पुन्हा पुन्हा चुकतात:

६० वॅट आणि १०० वॅटचे बल्ब सिरीजमध्ये जोडले तर कोणता जास्त प्रकाश देईल?
रुळांच्या सांध्यात फट ठेवतात, मग लांब वेल्ड केलेल्या रुळात ती का नसते?
३७ ला १ चढावर गाडी ओढायला किती बल लागेल?
व्हर्नियरची शून्य त्रुटी मिळवायची की वजा करायची?

जाणकारांनी नुसता पर्याय क्रमांक देऊ नये. आकडे मांडून सांगितलं तर इथली सगळीच मुलं वाचतील.

फर्मागुडी_इलेक्ट्रिशियन

बल्बचा घेतो. "जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड" ही घरातली सवय आहे आणि पेपर काढणारा नेमकं तिथेच पकडतो. बल्बवर छापलेला वॅट हा २३० व्होल्ट मिळाले तरचा आहे. बल्बची खरी ओळख त्याचा रोध. आर = व्ही वर्ग भागिले पी (आर रोध, व्ही व्होल्टेज, पी वॅट; पुढे आय म्हणजे करंट).

२३० चा वर्ग ५२९००. ६० वॅटच्या बल्बचा रोध ५२९०० ÷ ६० = साधारण ८८२ ओहम. १०० वॅटचा ५२९ ओहम. सिरीजमध्ये एकूण १४११ ओहम, म्हणून करंट २३० ÷ १४११ = ०.१६३ अँपिअर. हा करंट दोघांतून सारखाच जातो, म्हणून आता सूत्र आय वर्ग गुणिले आर. ६० च्या बल्बात साधारण २३.४ वॅट, १०० च्या बल्बात १४.१ वॅट. उत्तर ६० वॅटचा. (तापल्यावर फिलामेंटचा रोध बदलतो, पण परीक्षेत तो कायम धरतात.)

लक्षात ठेवायचं ते इतकंच: जे दोघांत समान आहे ते सूत्रात ठेवा. सिरीजमध्ये करंट समान, तिथे आय वर्ग आर. पॅरललमध्ये व्होल्टेज समान, तिथे व्ही वर्ग भागिले आर. घरातली सगळी जोडणी पॅरलल असते, म्हणून घरी १०० चाच जास्त उजेड देतो.

याच प्रकारातला दुसरा प्रश्न: तार ताणून दुप्पट लांब केली तर रोध किती पट? मुलं दुप्पट लिहितात. तारेचं आकारमान बदलत नाही, त्यामुळे लांबी दुप्पट झाली की जाडीचं क्षेत्रफळ निम्मं होतं. लांबीमुळे दोन पट, क्षेत्रफळामुळे आणखी दोन पट, मिळून चार पट. पण प्रश्नात "ताणून" नसेल आणि त्याच तारेचा दुप्पट लांब तुकडा घेतला असेल तर दुप्पटच. तो एक शब्द वाचल्याशिवाय पर्याय दाबू नका.

सत्तरीकर

दादा, ट्रान्सफॉर्मरला डीसी दिली तर काय होतं? उत्तरात कुठे "आउटपुट शून्य" असतं, कुठे "प्रायमरी जळेल". दोन्ही पर्याय एकत्र आले तर काय निवडायचं?

फर्मागुडी_इलेक्ट्रिशियन

दोन्ही खरं आहे, प्रश्न काय विचारतो ते बघायचं. वीज देतात ते वेटोळं प्रायमरी, जिथून घेतात ते सेकंडरी. डीसीमध्ये फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) बदलत नाही, म्हणून सेकंडरीत काही निर्माण होत नाही. "सेकंडरी व्होल्टेज किती" विचारलं तर शून्य. "ट्रान्सफॉर्मरचं काय होईल" विचारलं तर प्रायमरी जळेल. एसीवर प्रायमरीत उलट दिशेचा ईएमएफ (विद्युत दाब) तयार होतो आणि तोच करंट अडवून धरतो. डीसीवर तो नसतो, अडवायला उरतो फक्त तांब्याच्या तारेचा रोध, आणि तो फारच थोडा असतो.

रेल्वेचा जोडून येणारा प्रश्न म्हणजे ओव्हरहेड वायरमध्ये २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्झ, सिंगल फेज एसी का. मुंबईच्या लोकलमार्गांवर पूर्वी १५०० व्होल्ट डीसी होता, त्याच्याशी तुलना करून बघा. पॉवर फॅक्टर १ धरून ५ मेगावॅट घ्यायचे तर २५ केव्हीवर करंट २०० अँपिअर. १५०० व्होल्टवर ३३३३ अँपिअर, म्हणजे साधारण १६.७ पट. तारेतली हानी करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, त्यामुळे तीच तार असती तर हानी जवळजवळ २७८ पट झाली असती. म्हणूनच डीसी मार्गावर तारा जाड आणि सबस्टेशनं जवळजवळ ठेवावी लागतात.

कुळे_घाट

रुळाचा आणि चढाचा प्रश्न मी घेतो. पाठांतराने हे दोन्ही सुटत नाहीत.

आधी फटीचा रूळ. नेहमीचा रूळ १३ मीटरचा. पोलादाचा रेखीय प्रसरणांक १.२ × १०⁻⁵ प्रति अंश सेल्सिअस धरतात. तापमान ३० अंशांनी वाढलं तर वाढ = १३ × १.२ × १०⁻⁵ × ३० = ०.००४६८ मीटर, म्हणजे ४.७ मिलिमीटर. फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) सांध्यातली फट यासाठी असते. पर्यायांत ४.७ सेंटिमीटर आणि ०.४७ मिलिमीटर हमखास असतात. मीटरचं मिलिमीटर करताना दशांश चिन्ह सरकवताना घाई नको.

आता वेल्ड केलेला लांब रूळ. इथे बरेच जण म्हणतात, रूळ किलोमीटरभर लांब असेल तर वाढ ३६ सेंटिमीटर होईल, मग ती जाते कुठे? ती होतच नाही. रूळ स्लीपरला क्लिपांनी घट्ट धरलेला असतो, स्लीपर खडीत रुतलेले असतात. प्रसरणाला वाट नसली की लांबी न वाढता आत ताण साठतो. ताण = यंगचा गुणांक × प्रसरणांक × तापमानातला फरक. २ × १०¹¹ × १.२ × १०⁻⁵ × ३० = ७.२ × १०⁷ पास्कल, म्हणजे ७२ मेगापास्कल.

या सूत्रात लांबी कुठेच नाही. परीक्षेत हेच तपासतात. रूळ १०० मीटरचा असो की ५ किलोमीटरचा, पूर्ण जखडलेला असेल तर ताण तितकाच. ६० किलोच्या (मीटरमागे ६० किलो) रुळाचं छेदाचं क्षेत्रफळ साधारण ७७ चौ. सेंमी, त्यामुळे एका रुळात दाबबल ७.२ × १०⁷ × ७७ × १०⁻⁴ = ५५४ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ५६ टनांचा भार. खडी कमी पडली, क्लिपा सैल झाल्या किंवा भर उन्हात खडी उकरून ठेवली तर हाच दाब रुळाला बाजूला वाकवतो. थंडीत उलटं: रूळ आखडू पाहतो, आत ओढ तयार होते आणि वेल्ड कमजोर असेल तर तिथे तो तुटतो. म्हणून रूळ जखडताना मधलं तापमान निवडतात, म्हणजे दोन्हीकडचा फरक आवाक्यात राहतो. लांब रुळाच्या टोकाकडचा भाग मात्र थोडा सरकतो, त्याच्यासाठी तिथे स्विच एक्सपान्शन जॉइंट (सरकायला जागा देणारा सांधा) बसवतात.

वास्को_वेल्डर

एक भर घालतो. तापमान म्हणजे हवेचं नव्हे, रुळाचं. उन्हातला रूळ हवेपेक्षा बराच तापतो. आणि फरक मोजायचा तो रूळ जखडताना असलेल्या तापमानापासून. प्रश्नात "३० अंशाला बसवला, ५५ अंशाला ताण किती" असं आलं तर फरक २५ चा, ५५ चा नव्हे.

कुळे_घाट

अगदी बरोबर. आता चढ. आपल्याकडे कुळ्याहून कॅसलरॉककडे जाणारा ब्रगांझा घाट ३७ ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कोकण रेल्वेवरचा चढ १५० ला १ पेक्षा तीव्र ठेवलेला नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवले की धडा समजतो.

इंजिनासकट १००० टनांची गाडी. वजन = १० लाख किलो × ९.८ = ९८ लाख न्यूटन. उताराच्या दिशेने मागे ओढणारा भाग = वजन × साइन थीटा (थीटा म्हणजे चढाचा कोन). चढ लहान असल्याने साइन आणि टॅन जवळजवळ सारखेच, म्हणून सरळ ३७ ने भागा: साधारण २६५ किलोन्यूटन. १५० ला १ वर हाच आकडा ६५ किलोन्यूटन. चार पट फरक, आणि घर्षण व हवेचा विरोध यात अजून धरलेलाच नाही.

शक्ती विचारली तर बल × वेग. ताशी २० किमी म्हणजे २० × ५/१८ = ५.५६ मीटर प्रति सेकंद. २६५ × ५.५६ = साधारण १४७३ किलोवॅट, त्याचे वॅट करून ७४६ ने भागून जवळपास १९७५ अश्वशक्ती. इथे वेग मीटर प्रति सेकंदात न घेता तसाच २० घालणारे खूप, आणि ५३०० किलोवॅट हा पर्याय त्यांच्यासाठीच ठेवलेला असतो.

पेडणे_फिटर

अश्वशक्ती ७४६ की ७३५.५? काही पुस्तकांत ७३५.५ दिलेलं आहे.

कुळे_घाट

७४६ वॅट ही ब्रिटिश पद्धतीची, ७३५.५ ही मेट्रिक. प्रश्नात "मेट्रिक" स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ७४६ घ्या. पर्याय इतके जवळ सहसा नसतात, तरी वाचून घ्या.

सांगेकर

शक्ती पुरेशी असूनही घाटात पावसात चाकं घसरतात. हा प्रश्न अभ्यासक्रमातल्या कोणत्या धड्यात येतो?

कुळे_घाट

घर्षणात. इंजिन कितीही ताकदीचं असलं तरी रुळाला ढकलता येईल ते बल म्हणजे घर्षणगुणांक × इंजिनाचं वजन. डब्यांचं वजन यात धरायचं नाही, कारण मोटर फक्त इंजिनाच्या चाकांना असते. १२० टनांचं इंजिन आणि सगळी चाकं चालती धरा. रूळ कोरडा, गुणांक ०.२५: १२०००० × ९.८ × ०.२५ = २९४ किलोन्यूटन. वर काढलेले २६५ जेमतेम भागतात. ओला रूळ, गुणांक ०.१५ धरला तर १७६ किलोन्यूटन. २६५ ला पुरत नाहीत, चाकं जागच्या जागी फिरू लागतात. इंजिनात वाळूच्या पेट्या असतात त्या याचसाठी. चाकापुढे रुळावर वाळू सोडली की गुणांक वाढतो. इथे जास्त अश्वशक्तीचं इंजिन लावून काही साधत नाही. वजन वाढवा, घर्षण वाढवा, नाहीतर दुसरं इंजिन जोडा.

पेडणे_फिटर

मापनाचं मी सांगतो. व्हर्नियर म्हणजे मुख्य पट्टीवर सरकणारी छोटी पट्टी. तिचं लघुत्तम माप (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) = मुख्य पट्टीचा एक भाग वजा व्हर्नियरचा एक भाग. ५० भागांच्या व्हर्नियरवर ४९ मिमीचे ५० भाग केलेले असतात, म्हणून १ वजा ०.९८ = ०.०२ मिमी. मुख्य पट्टीवर व्हर्नियरच्या शून्याच्या डावीकडचा आकडा २४ मिमी, १७ वी रेघ जुळली: २४ + १७ × ०.०२ = २४.३४ मिमी.

शून्य त्रुटी: जबडे बंद केल्यावर व्हर्नियरचं शून्य मुख्य शून्याच्या उजवीकडे राहिलं तर त्रुटी धन. उपकरण आधीच जास्त दाखवतंय, म्हणून वजा करायची. दुसरी रेघ जुळत असेल तर त्रुटी ०.०४, खरं माप २४.३० मिमी. शून्य डावीकडे गेलं तर त्रुटी ऋण, पण इथे जुळलेली रेघ तशीच घेऊ नका. ५० भागांच्या पट्टीवर ४७ वी रेघ जुळली तर त्रुटी वजा (५० – ४७) × ०.०२, म्हणजे वजा ०.०६, आणि ती मापात मिळवायची. नियम एकच, खरं माप = वाचलेलं माप वजा त्रुटी, चिन्हासकट.

मायक्रोमीटरवर चूक वेगळी. पिच (एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर) अर्धा मिमी, थिंबलवर (फिरत्या नळीवर) ५० भाग, लघुत्तम माप ०.०१ मिमी. स्लीव्हवरची (स्थिर नळीवरची) अर्ध्या मिमीची रेघ उघडी पडली आहे का ते न बघता वाचलं तर माप ०.५० ने चुकतं. ७ च्या पुढची अर्धी रेघ दिसतेय आणि थिंबल २८ वर आहे तर ७.७८, ७.२८ नव्हे. दोन्ही पर्यायांत असतात.

सत्तरीकर

ड्रॉइंगमध्ये फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल या दृश्यं मांडायच्या दोन पद्धतींचं चिन्ह पाठ करून जाते, पण पेपरात उलटं आठवतं.

पेडणे_फिटर

ताई, पाठ करूच नका, कापलेल्या शंकूवरून काढा. चिन्हात दोन पूर्ण रेघांची वर्तुळं दिसतात, म्हणजे बघणारा बारीक टोकाकडून बघतोय. मोठ्या टोकाकडून बघितलं असतं तर लहान वर्तुळ तुटक रेघेत आलं असतं. थर्ड अँगलमध्ये जिकडून बघितलं तिकडेच ते दृश्य काढतात, म्हणून वर्तुळं बारीक टोकाच्या बाजूला. फर्स्ट अँगलमध्ये दृश्य पलीकडे पडतं, म्हणून वर्तुळं रुंद टोकाच्या बाजूला. याच कारणाने फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू खाली येतो आणि डाव्या बाजूचं दृश्य उजवीकडे. भारतात फर्स्ट अँगल वापरतात.

स्केलवर एकच सांगतो. ५ सेंमी म्हणजे १० मीटर, तर १:२००. क्षेत्रफळ विचारलं तर गुणोत्तराचा वर्ग, म्हणजे १:४००००.

वास्को_वेल्डर

स्क्रू जॅकचाही प्रश्न येतो. हँडल ५०० मिमी, पिच १० मिमी, कार्यक्षमता ३० टक्के, भार ५ टन. वेगगुणोत्तर = २ × ३.१४ × ५०० ÷ १० = ३१४. यांत्रिक लाभ = ३१४ × ०.३ = ९४. बल = ४९००० ÷ ९४ = साधारण ५२० न्यूटन. खाली प्रश्न असतो, "हँडल सोडलं तर भार खाली येईल का?" कार्यक्षमता ५० टक्क्यांहून कमी असेल तर जॅक आपोआप अडकून राहतो. इथे कमी कार्यक्षमता मुद्दाम ठेवलेली असते. तो दोष आहे असं सांगणारा पर्याय चूक.

तरफेचं थोडक्यात: मध्ये काय आहे ते बघा. मध्ये टेकू तर पहिला वर्ग (कात्री, पक्कड, पहार), मध्ये भार तर दुसरा (अडकित्ता, एकचाकी हातगाडी), मध्ये बल तर तिसरा (चिमटा, मासे पकडायचा गळ). तिसऱ्या वर्गात यांत्रिक लाभ नेहमी १ पेक्षा कमी, तिथे बल जास्त लावून वेग आणि पल्ला मिळवतात.

सांगेकर

उष्णतेत कुठे सांभाळायचं?

फर्मागुडी_इलेक्ट्रिशियन

दोन जागा. पहिली, तापमान आणि तापमानातला फरक. १० अंश सेल्सिअस म्हणजे ५० फॅरनहाइट, पण तापमान १० सेल्सिअसने वाढलं तर फॅरनहाइटमध्ये वाढ १८ ची. फरकात ३२ मिळवत नाहीत. केल्विनमध्ये वाढ १० चीच.

दुसरी, बर्फ आणि पाणी मिसळण्याची. १०० ग्रॅम बर्फ ० अंशाला, १०० ग्रॅम पाणी ६० अंशाला. सरासरी काढून ३० लिहू नका. बर्फ वितळायला ग्रॅममागे ८० कॅलरी, म्हणजे सगळ्याला ८००० लागतील. पाणी ० पर्यंत थंड होताना देतं ६००० च. ७५ ग्रॅम बर्फ वितळेल, २५ ग्रॅम उरेल, तापमान शून्य. आधी बर्फ पूर्ण वितळतो का ते तपासायचं, मग अंतिम तापमान.

डिचोलीकर

देव बरें करूं सगळ्यांचं. घनतेवर एक राहिलं. जहाज नदीतून समुद्रात गेलं तर वर येतं की बुडतं?

वास्को_वेल्डर

थोडं वर येतं. मांडवीच्या वरच्या गोड्या पाण्यातली भरलेली बार्ज घ्या, एकूण १००० टन. तरंगताना विस्थापित पाण्याचं वजन बार्जच्या वजनाइतकंच. गोड्या पाण्यात १००० घनमीटर, समुद्रात घनता १०२५ म्हणून साधारण ९७६ घनमीटर. बुडालेला भाग २४ घनमीटरने कमी झाला. "उत्प्लावक बल बदलेल का?" या प्रश्नाला उत्तर "नाही", कारण बार्जचं वजन तेच आहे. बदलतं ते बुडालेलं आकारमान.

सत्तरीकर

घाटाचा शेवटचा प्रश्न. बँकर इंजिन (चढावर मदतीला जोडतात ते) मागे का लावतात? दोन्ही पुढे लावली तरी ओढ तेवढीच.

कुळे_घाट

एकूण ओढ तेवढीच, कपलिंगवरचा (डबे जोडणाऱ्या सांध्यावरचा) ताण वेगळा. २००० टनांच्या डब्यांना ३७ ला १ चढावर स्थिर वेगाने न्यायला साधारण ५३० किलोन्यूटन लागतात. दोन्ही इंजिनं पुढे असतील तर दुसरं इंजिन आणि पहिला डबा यांच्यातल्या कपलिंगला ते सगळे ५३० सोसावे लागतात. एक मागे लावून त्याने निम्मं ढकललं तर पुढच्या कपलिंगवर २६५ उरतात आणि मागचा निम्मा भाग दाबात जातो. ताण कुठे शून्य होतो असा प्रश्न आला तर भार सारखा वाटलेला धरून उत्तर गाडीच्या मध्यावर. शिवाय चढावर कपलिंग तुटलंच तर मागचे डबे उतारावरून सुटत नाहीत, मागे इंजिन उभं असतं.

ब्रेकचा प्रश्न याच्याच पाठोपाठ येतो, तोही सोडवून ठेवा. ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग मंदन असताना ताशी ७२ किमीवरून गाडी ४०० मीटरमध्ये थांबते, ताशी १०८ वरून ९०० मीटरमध्ये. वेग दीडपट, अंतर सव्वादोन पट.